माझ्या नावावरचा तुझा बास्केट

किसन, परवा तुझ्या दशक्रियेला मला बोलायला उभं केलं. मढच्या नदीकाठी मांडव, मांडवात माईक, आणि माईक धरून तो नेहमीचा निवेदक, जो लग्नालाही असतो आणि दहाव्यालाही, फक्त आवाज तेवढा बदलतो. महाराजांचं प्रवचन झालं, सरपंच बोलून झाले, सोसायटीचे चेअरमन बोलून झाले. मग तो म्हणाला, “आता ज्यांनी आपल्या तालुक्याचं नाव बास्केटबॉलमधी पुण्यापर्यंत नेलं, ज्यांच्या शेवटच्या बास्केटनी आपल्या कॉलेजला कप मिळाला, ते ललितशेठ आपल्या मित्राला श्रद्धांजली वाहतील.” तुझ्या दहाव्याला, तुझ्या हार घातलेल्या फोटोसमोर त्याने माझी ही ओळख करून दिली.

तो बास्केट तू मारला होतास. मी त्या सामन्यात खेळलोच नव्हतो. टीममधलं बाकी कुणी आलेलं नव्हतं, त्यामुळे त्या मांडवात हे माहीत असलेले आपण दोघंच आहोत असं मी समजत होतो, आणि त्यातला एक फोटोत होता. मी माईक हातात घेतला, घसा साफ केला आणि म्हणालो, “किसनराव म्हणजे खरे क्रीडाप्रेमी होते.” क्रीडाप्रेमी. म्हणजे जो बाहेर बसून टाळ्या वाजवतो तो. दोन मिनिटं बोललो, लोकांनी माना डोलावल्या, आणि मी खाली येऊन बसलो.

त्याआधी पिंड ठेवला होता. तुला खरं सांगतो, माझी सगळी मदार त्या कावळ्यावर होती. मला वाटलं, तू अडून बसशील. तासभर कावळा शिवणार नाही, मग भाऊबंद एकेक करून पुढे येतील, पोरीचं शिक्षण करू म्हणतील, जमिनीचं वाटप नीट करू म्हणतील, तरी शिवणार नाही. आणि मग सगळे माझ्याकडे बघतील, मला पुढे व्हावंच लागेल, आणि हात जोडून जे बोलायचं ते बोलावंच लागेल. पिंड ठेवून माणसं दहा पावलं मागे सरली नाहीत तोच कावळा आला आणि खाऊन गेला. लोक म्हणाले, “पुण्यवान माणूस. काय बी इच्छा राह्यली नाय.” मला तुझा राग आला, किसन. मेल्यावर तरी मला अडवायचं होतंस.

म्हणून आता लिहितोय. बोलायचं धाडस झालं नाही ते लिहून होतंय का बघतो.

आपले सर तुला आठवत असतीलच, तिकडे भेटलेही असतील. दरवर्षी सरावाच्या पहिल्या दिवशी ते जिमखान्यातून बॉल काढायचेच नाहीत. आधी मैदानाकडेच्या चिंचेला बांबूची पाटी टांगायचे, बुडासकट. म्हणायचे, हा खेळ सुरू झाला तेव्हा रिंग नव्हती, जाळी नव्हती, अशी टोपलीच टांगलेली होती, आणि बॉल आत पडला की कुणीतरी शिडी लावून वर चढायचं आणि तो काढायचा. खेळायच्या आधी खेळाला नमस्कार करा, आणि नमस्कार म्हणजे शिडी चढा. नव्या पोरांना पहिल्या दिवशी एवढंच काम. आपल्या वर्षाला बारा जणांनी बॉल फेकले. कुणाचा फांदीला लागला, कुणाचा थेट रस्त्यावर गेला. तू मढहून पहाटेच्या एसटीने आलेला, बास्केटबॉल हा शब्द आदल्या आठवड्यात ऐकलेला, पायात चप्पल. तू डाव्या हाताने बॉल उचललास आणि पाटीत टाकलास, घरात पोतं ठेवावं तसा. सरांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “ललित, चढ वर.”

तेव्हापासून तू खेळायचास आणि मी चढायचो. याबद्दल तक्रार नाही. मला खेळ आवडायचा, पण खेळाला मी आवडत नव्हतो. आमच्या घरात तर खेळ म्हणजे दुकानाची वेळ चुकवायची सबब. बापू गादीवरून म्हणायचे, “त्या टोपल्यात बॉल टाकून कापड विकलं जातं का?” मी तरी रोज यायचो, कारण तुझ्यासोबत त्या मुरमाच्या मैदानावर पळताना मी शेठचा पोरगा नसायचो. तू मला चक्क ढकलायचास. गावात तोवर मला कुणी ढकललं नव्हतं.

मग तू दुसऱ्यांदा एफवायला गटकलास आणि तुझं नाव पटावरून गेलं. पटावर नाही तो कॉलेजकडून खेळू शकत नाही, एवढा साधा नियम. तू मात्र सरावाला यायचास. आणि सामने आठ दिवसांवर आले तेव्हा सरांनी मला जिमखान्यात बोलावलं, दार लावलं आणि विचारलं, “ललित, खरं सांग. तू कितीसा वेळ खेळणार आहेस?” मी म्हणालो, बारावा खेळाडू आहे, एखाद्याचा पाय मुरगळला तर खेळीन. ते म्हणाले, “मग तुझं ओळखपत्र दे.” ब्लेडने माझा फोटो अलगद काढला, तुझा चिकटवला, आणि फोटोवर आलेला अर्धा गोल शिक्का शाईच्या टाकाने स्वतः हाताने पुरा केला. म्हणाले, “हा खेळ या तालुक्यात रुजवायचाय मला. एक कप आला की रुजला.” मला त्यात काही गैर वाटलं नाही. उलट छाती फुगली, आपलाही टीमला काही उपयोग झाला म्हणून.

पुढचे आठ दिवस तुला कुणी किसन म्हणायचं नाही, असा हुकूम होता. पुण्यात तोंडातून चुकून नाव गेलं तर सगळं संपलं. कुणी ओरडायचं, “ललित, पास दे,” आणि आपण दोघंही हात वर करायचो. तू पोट धरून हसायचास. “शेठ, आता तू नाव बदल, माझं घे, घाटाकडं चल नांगर धरायला,” म्हणायचास. मी पण हसायचो. आठव्या दिवशी मात्र कुणी ललित म्हटलं तरी मी वळायचा बंद झालो होतो.

पुण्यातलं ते सिमेंटचं कोर्ट, कडेला तारेची जाळी. ललित आत असल्यामुळे मला बाकावरही बसता येईना. मी जाळीच्या बाहेर, सगळ्यांच्या पिशव्या पायाशी घेऊन उभा. शेवटचं मिनिट, आपण एका गुणाने मागे. तू डावीकडून घुसलास. त्यांचा तो उंच पोरगा तुझ्या उजव्या हाताची वाट बघत राहिला, आणि तू डाव्याने बोर्डाला लावून आत टाकलास. शिट्टी झाली. सगळे ओरडत होते, ललित, ललित. मी जाळीला बोटं अडकवून सगळ्यांत मोठ्याने ओरडत होतो. स्वतःचंच नाव बेंबीच्या देठापासून ओरडणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचा पाहिला.

तिसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. माझं नाव, मधे बापूंचं नाव, मग आडनाव, आणि ‘याच्या डाव्या हाताच्या अखेरच्या बास्केटने’. मी बापूंना सांगणार होतो. देवाशपथ सांगणार होतो. पण संध्याकाळी दुकानात गेलो तर त्यांनी ते कात्रण काचेच्या फ्रेममध्ये घालून गादीच्या मागे टांगलेलं होतं, आणि कधी नव्हे ते गिऱ्हाइकाला चहा पाजत होते. खेळाला नावं ठेवणारा माझा बाप त्या दिवशी रस्त्यावरच्या माणसाला आत बोलावून फ्रेम दाखवत होता. मी गप्प बसलो. ते पहिलं गप्प बसणं, नंतरची सगळी सोपी गेली. माझ्या लग्नाच्या बायोडाट्यातही तो बास्केट होता, तुला माहीत नसेल.

तू मात्र एकदा मागायला आला होतास, एकदाच. एक सरकारी भरती निघाली होती, खेळाडूंसाठी राखीव जागा होत्या. बाजारचा दिवस होता. तू गिऱ्हाइकं सरेपर्यंत दाराशी उभा राहिलास, मग जवळ येऊन म्हणालास, “शेठ, त्या सर्टिफिकिटाचं काय करता यील?”

“काय करणार? त्याच्यावर नाव माझं हाय.”

“तू ल्हून दे. खेळला त्यो किसन व्हता म्हणून.”

“येडा का खुळा? दोगं बी अडकू. सर अडकतील. कप जाईल कॉलेजचा.” आणि मग मी जे म्हणालो ते मला अजून ऐकू येतं. मी म्हणालो, “हळू बोल, बापू बसल्यात.”

तू बापूंकडे बघितलंस. मग त्यांच्या मागच्या फ्रेमकडे. “बरं,” म्हणालास आणि पायऱ्या उतरलास. भांडला नाहीस, शिवी दिली नाहीस. भांडला असतास तर मीही भांडलो असतो आणि कधीतरी मिटलं असतं. दोन वर्षं तू दुकानाची पायरी चढला नाहीस. त्यानंतर आलास तो सुमनवहिनीला घेऊन, लग्नाचा बस्ता बांधायला. सगळ्या पेठेत दुकानं काय कमी होती? पण आलास. साड्यांचा ढीग पाडायला लावलास, प्रत्येकीला नाक मुरडलंस, आणि जाताना म्हणालास, “शेठ, लग्नाला ये. जेवायला न्हाई, वाढायला ये.” मी आलो, कंबर मोडेपर्यंत पंगती वाढल्या, आणि आपलं मिटलं असं मी धरून चाललो.

मिटलं नव्हतं. अनेक वर्षांनी तुझ्या जीपमधून कुठल्याशा लग्नाहून परत येत होतो, तेव्हा मीच विषय काढला. म्हणालो, किसन, त्या वेळी मी लिहून दिलं असतं तरी तुला नोकरी मिळाली नसती. उलट खोटेपणा केला म्हणून आपल्या दोघांवर केस झाली असती. मी हे सगळं वकिलासारखं पाठ करून ठेवलं होतं आणि ते खोटं नव्हतं. तू गिअर टाकलास आणि म्हणालास, “नोकरीचं सोड. तू ल्हून दिलं असतंस का, तेवढं बोल.” मी म्हणालो, “गाडी बघून चालव, पुढं वळण हाय.” पुढे वळण होतं हे खरं, पण तुझ्या प्रश्नाला उत्तर देण्याइतका रस्ताही होता.

आता तुझ्याबद्दलही बोलतो, कारण गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं हा नियम मी परवाच पाळून झालोय. तू फार ताठ होतास, किसन. एकदा मागितलंस आणि परत मागायचं नाही म्हणून बसलास. तुझा हा मोठेपणा मला लई महागात पडला. शिव्या देणारा मित्र बरा, माफ करणारा वाईट. त्यात तू तर माफ केलंय असंही कधी बोलला नाहीस, आणि तरी दर दिवाळीला मढचे तांदूळ घेऊन दारात उभा. ते तांदूळ शिजताना घरभर वास सुटायचा आणि माझ्या घशाखाली उतरायचे नाहीत. बायको विचारायची, काय झालं, मी म्हणायचो, ॲसिडिटी.

बापूंच्या शेवटच्या आजारात त्यांना पुण्याला न्यायचं होतं. तुला फोन केला तर तू टोमॅटोची लागण सोडून जीप घेऊन आलास. मागच्या सीटवर बापू माझ्या मांडीवर डोकं ठेवून. नारायणगाव सुटल्यावर त्यांना जरा बरं वाटलं आणि ते बोलायला लागले. काय बोलायला लागले, तर माझा शेवटचा बास्केट. तुलाच सांगायला लागले. “किसन, तू बघितलास का रे त्यो मॅच? एका मार्काने मागं व्हते. माझ्या पोरानं डाव्या हातानं टाकला. डाव्या.” आरशात मला तुझे डोळे दिसत होते. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. आणि तू म्हणालास, “बघितला ना बापू. मी तिथंच व्हतो. लई भारी मारला ललितनं.” मग पुण्यापर्यंत तू त्यांना तो सामना सांगत आणलास, कुणी कुणाला पास दिला, कुणाचा फाउल झाला, बॉल रिंगवर कसा फिरला. इतका तपशिलाने की जो खेळला त्यालाच माहीत असेल. बापू डोळे मिटून हसत होते. पाच दिवसांनी ते गेले. ते आनंदात गेले ते तुझ्यामुळे, आणि याबद्दल मी तुझे पाय धरायला हवे होते. मी त्या दिवशी तुला चहा पाजला.

तुझं लग्न उशिरा, वैष्णवी त्याहून उशिरा. ती सहावीत गेली तेव्हा तू ओतूरच्या वेल्डरकडून रिंग करून घेतलीस आणि खळ्याच्या कडेला सागाच्या खांबावर ठोकलीस. गाव हसलं. भात झोडायच्या जागी पोरीला कसला बॉल खेळवतो म्हणून. मी एकदा आलो होतो, तेव्हा तू तिला पाय कसे टाकायचे ते दाखवत होतास, पन्नाशीत, लेंगा गुडघ्यापर्यंत खोचून. पोरगी मला म्हणाली, “काका, पप्पांना येवढं कसं येतं? त्ये तर म्हंत्यात मी नुसता बघायला जायचो.” तू बॉल तिच्याकडे फेकलास आणि म्हणालास, “बघून बघून येतं. तुझ्या ललितकाकाचं बघून शिकलो.” हे तू माझ्या तोंडावर म्हणालास आणि तुझ्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

ती आपल्याच कॉलेजात गेली, टीममध्ये आली. गेल्या हिवाळ्यात कॉलेजने नवं कोर्ट बांधलं, सिमेंटचं, वर पत्र्याचं छत. त्याला आपल्या सरांचं नाव दिलं. भिंतीवर ‘आपला क्रीडावारसा’ म्हणून मोठा बोर्ड लावला, त्यात ते चार ओळींचं कात्रण दाराएवढं मोठं करून. उद्घाटनाला माझा सत्कार. त्या दिवशी मी ठरवून गेलो होतो. तू तिसऱ्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, पांढरा शर्ट, टोपी. मला वाटलं, माईक हातात आला की बोलतो. मग शाल आली, नारळ आला, पाहुण्यांनी खांद्यावर हात टाकला, फोटोवाला म्हणाला, शेठ, इकडं बघा. मी तिकडं बघितलं.

आणि मग तुझी पोरगी बॉल घेऊन आली. तिला शिकवून पाठवलं होतं. वाकून पाया पडली आणि म्हणाली, “काका, पहिला बास्केट तुमच्या हातनं.” मी आशीर्वाद दिला. खूप खेळ, म्हणालो. पोट आत घेतलं आणि बॉल टाकला. तीन वेळा टाकला. पहिला रिंगच्या खाली, दुसरा बोर्डाच्या बाजूने, तिसरा कुठेच नाही. लोक प्रेमाने हसले, वयाचं हसू असतं तसं. टाळ्या पडल्या. तूही वाजवल्यास, मी पाहिलं.

जाताना जीपपाशी गाठ पडली तर म्हणालास, “शेठ, उजव्या हातानं का टाकलास? कागदावर तू डावरा हाय.” मी हसलो. तू हसला नाहीस. जीपचं दार लावलंस, हात केलास, गेलास. त्यानंतर आपण भेटलो ते रस्त्यात, बाजारात, उभ्या उभ्या. मी म्हणत राहिलो, एक दिवस निवांत मढला जाऊन बसू आणि बोलू. तुझी छाती दुखायला लागली तो दिवसही साधाच होता, आणि मी त्या दिवशी दुकानात नवा माल लावत होतो.

दहाव्यानंतर दोन दिवसांनी प्राचार्यांचा फोन आला. तरुण आहेत, सभ्य आहेत. वार्षिक अंकासाठी दोन पानं द्या म्हणाले, एका जुन्या क्रीडाप्रेमी मित्राच्या आठवणी, आपल्या विद्यार्थिनीचे वडीलही होते ते. मी त्यांच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं. ओळखपत्र, ब्लेड, शिक्का, सगळं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, “शेठ, तोंडी बोललात तेवढं ठीक. लेखी नको.” मग समजावून सांगितलं. लेखी आलं तर आपला एकमेव कप आपला राहत नाही. बोर्ड उतरवावा लागेल. ज्या सरांचं नाव कोर्टला दिलं त्यांनी शिक्का बनावट केला असं होईल. आणि किसनरावांचं नाव काही त्या जागी लागणार नाही, कारण ते पटावर नव्हतेच. “कुणाला काय मिळणार यातून?” असं त्यांनी विचारलं. आणि किसन, माणूस बरोबर बोलत होता. तुला काहीच मिळणार नाही. माझी सबब मात्र मी दुसऱ्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो.

तसाच उठून कोर्टवर गेलो. वैष्णवी एकटीच होती, सुतक फिटल्यावर पहिल्यांदा आलेली. तिला पायरीवर बसवलं आणि सांगितलं. मला वाटलं रडेल, नाहीतर गळ्यात पडेल, बापाचा अभिमान वाटून. इतका मूर्ख मी या वयातही आहे. ती ऐकत राहिली, बॉल मांडीवर.

“आनखी कुणाला सांगितलंय?” तिने विचारलं.

“प्राचार्यांना. ते नको म्हणाले.”

“मंग मला कशाला सांगितलं?” ती शांतपणे म्हणाली. “आता ह्ये मी पण पोटात घालून हिंडायचं? पप्पा हिंडलं तसं?”

मी म्हणालो, बाई, लिहिलं तर कप जाईल. तुमच्या टीमला लोक हसतील. सरांचं नाव जाईल.

“जाऊ द्या. तसा बी तो खोटाच हाय.” ती उठली. “सगळ्यांना सांगणार असाल तर सांगा. न्हाईतर मला पण सांगायला नको व्हतं तुमी.” आणि मग, मी अजून पायरीवर बसलेला असताना, “काका, जरा बाजूला व्हा. प्रॅक्टिस करायचीय.”

घरी आलो आणि हे लिहायला बसलो. चार दिवस लागले. काल कागद घेऊन मढला गेलो, म्हटलं छापायला देण्याआधी वहिनींना वाचून दाखवावं, त्यांना धक्का बसायला नको. ओटीवर बसून अथपासून इतिपर्यंत वाचलं. त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात एकदाही थांबला नाही.

“वहिनी, तुमाला ठाऊक व्हतं?”

“साड्या घ्यायला तुमच्या दुकानात आणलं ना मला, तवा तुमी आत गेल्यावर फ्रेम दाखवली त्यांनी. म्हणले, ह्यो मी हाय.” त्यांनी सूप झटकलं. “येवढ्या वर्सात दुसऱ्यांदा नाव न्हाई काढलं. तुमच्या सत्काराला निगाले तवा मीच म्हणलं, कशाला जाताय. तर म्हणले, आज सांगंल ललित, मला तिथं असाय पायजे.”

मी कागद घडी करायला लागलो. म्हणालो, हे उद्या प्राचार्यांना देतो, त्यांनी नाही छापलं तर ज्या पेपरात कात्रण आलं होतं त्यांना देतो. त्यात काही बदलायचं असेल तर सांगा.

“नाव बदला,” त्या म्हणाल्या. “सगळीकडं किसन किसन काय ल्हिलंय? किसन गावात धा हायेत. पूर्ण नाव ल्ह्या. मधी त्यांच्या बापाचं बी. तुमच्या बापाचं येवढी वर्सं भिताडावर व्हतं.”

मी खिशातून पेन काढलं. आणि तुझ्या वडलांचं नाव मला आठवेना. तुझ्या घरी इतकी वर्षं जेवलेला मी, ते मला तुझ्या बायकोला विचारावं लागलं. त्यांनी सांगितलं, मी त्यांच्यासमोर लिहिलं, आणि त्यांनी कागद हातात घेऊन ते नीट वाचून बघितलं.

त्या सामन्यातला शेवटचा बास्केट किसन गेनू साबळे यांनी केला.